‘पाठपुरावा करण्याचे ठरले’ : खाडी समन्वय समितीच्या कामकाजाचा आढावा कसा घ्यावा

एका महिला सरपंचांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या खाडीकाठच्या पाच ग्रामपंचायती, दोन मच्छीमार सहकारी संस्था, बचत गटांचा प्रभागसंघ, वनविभाग, मत्स्यव्यवसाय विभाग, खारभूमी विभाग आणि एक स्वयंसेवी संस्था यांची समन्वय समिती चार वर्षांपासून काम करते आहे. बैठका होतात, इतिवृत्ते निघतात, परंतु समितीमुळे नेमके काय साधले असे ग्रामसभेत कोणी विचारले तर उत्तर देता येत नाही. आता कामकाजाचा आढावा घ्यायचा आहे. तो कोणी घ्यावा, कसा घ्यावा, त्यासाठी बाहेरची संस्था नेमावी काय, आणि आढाव्यानंतर समितीची रचना बदलावी काय?

आपण दोन प्रश्न सुरुवातीपासूनच वेगळे ठेवावेत, ही माझी पहिली विनंती आहे. समितीने हाती घेतलेली कामे झाली की नाहीत, हा एक प्रश्न. आणि ती होण्यात वा न होण्यात या सर्वांनी एकत्र बसण्याचा वाटा किती, हा दुसरा. खाडीकाठी कांदळवनाची (खारफुटीची) रोपे लागली, पण वनविभागाने ती आपल्या नेहमीच्या योजनेतून लावलीच असती, तर ते काम चांगले असूनही समितीच्या खात्यावर जमा होत नाही. उलट एखादे काम रखडले असले, तरी त्यावरून शेतकरी आणि मच्छीमार यांच्यात पेटणारा वाद समितीत बसून मिटला असेल, तर ती समितीची खरी कमाई आहे, आणि ती कोणत्याही प्रगती अहवालात दिसत नाही. बहुतेक आढावे पहिल्या प्रश्नावरच संपतात. कामांची यादी, झालेला खर्च, छायाचित्रे एवढे जमले की अहवाल पूर्ण होतो, आणि समिती होती तशीच राहते.

या प्रकारच्या भागीदारीचा एक मोठा प्रयोग इंग्लंडमध्ये झाला होता. तेथे २००० सालच्या स्थानिक शासन कायद्यानंतर नगर परिषदा, पोलीस, आरोग्यसेवा, व्यापारी आणि स्वयंसेवी संस्था यांच्या ‘स्थानिक धोरणात्मक भागीदाऱ्या’ उभ्या राहिल्या, आणि सर्वांत मागास ठरलेल्या ८८ क्षेत्रांना जो विशेष निधी मिळाला तो अशी भागीदारी असण्याच्या अटीवर मिळाला. भागीदारीला स्वतःचे कायदेशीर अधिकार नव्हते. अधिकार सदस्य संस्थांकडेच राहिले. २०१० मध्ये सरकार बदलले, निधीची आणि उद्दिष्टांची चौकट गेली, आणि अनेक ठिकाणी या भागीदाऱ्या विरून गेल्या. आपली समितीही कोणत्या कायद्याने जन्मलेली नाही. अशी समिती सदस्यांना तिचा उपयोग होतो तोवरच टिकते, आणि म्हणून आढाव्यात तो उपयोगच तपासायचा असतो.

सुरुवात प्रश्नावलीने करू नये. सुरुवात इतिवृत्तांनी करावी. काही वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका खाडीवरच्या अशाच समितीचा आढावा माझ्याकडे आला होता. तीन वर्षांची इतिवृत्ते घेऊन मी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात बसलो आणि प्रत्येक निर्णय एका वहीत उतरवत गेलो. एका खारबंदिस्तीच्या (खारे पाणी अडवणाऱ्या बांधाच्या) उघाडीची, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराची, झडप मोडली होती आणि उधाणाचे खारे पाणी भातखाचरांत शिरत होते, हा विषय पाच बैठकांत आला होता. पाचही वेळा शेवटचे वाक्य अक्षरशः एकच होते : ‘सदर बाबीचा संबंधित विभागाकडे पाठपुरावा करण्याचे ठरले.’ कोणी, कोणाकडे, केव्हापर्यंत, यांतले काहीच लिहिलेले नव्हते. मी आवक-जावक नोंदवही मागवली. त्या तीन वर्षांत उघाडीविषयी एकही पत्र बाहेर पडलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला एका वयस्क शेतकऱ्याबरोबर बांधावरून चालत मी त्या उघाडीपाशी गेलो. लाकडी झडप फुगून एका बाजूला कलली होती, वरची बिजागरी गंजून सुटली होती, आणि फटीत चिखल भरलेल्या गोणी कोंबलेल्या होत्या. आतल्या खाचरांवर मिठाची पांढरी खपली धरली होती. मात्र उघाडीच्या तोंडाशी दोन खुंट्या ठोकलेल्या होत्या, आणि त्यांवर जाळे बांधल्याच्या ताज्या खुणा होत्या. मी विचारले, तेव्हा ते शेतकरी बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “झडप उघडी असली की कोलंबी आत येते. रात्री जाळी लागतात. जाळी लावणारेही आमचेच.”

पाच इतिवृत्तांत न उतरलेली गोष्ट ही होती. झडप दुरुस्त व्हावी असे अर्ध्या वाडीला वाटत होते, आणि ती तशीच राहावी असे उरलेल्या अर्ध्या वाडीला. अधिकाऱ्यांसमोर मात्र हे बोलण्याची कोणाचीच तयारी नव्हती. मोघम शब्दांमागे आळस असतो असे आपण धरून चालतो, पण माझ्या अनुभवात मोघम शब्दांमागे बहुधा न बोललेला वाद असतो. पुढे दोन्ही बाजूंना वाडीच्या देवळात बसवून असे ठरले की, भात उभे असेपर्यंत झडप बंद राहील, कापणीनंतर ठरलेल्या तिथींना जाळी लावता येतील, आणि झडपेची साखळी व कुलूप यांची जबाबदारी दोन नावांवर राहील. दुरुस्तीचा खर्च ग्रामपंचायतीच्या आवाक्यातला निघाला. तीन वर्षे अडलेले काम पावसाच्या आधी पूर्ण झाले.

म्हणून आपणही चार वर्षांची इतिवृत्ते काढून निर्णयांची एक नोंदवही करावी. निर्णयाचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, आणि त्यासमोर जबाबदार व्यक्ती, मुदत, खर्च कोणत्या लेखाशीर्षातून होणार होता आणि आजची स्थिती एवढे नोंदवावे. ज्या रकान्यात काही सापडत नाही तो रिकामाच ठेवावा, मागाहून आठवून भरू नये. सर्व निर्णय उतरवून झाले की रिकामे रकानेच बोलू लागतात. काही निर्णय समितीविनाही झाले असते असे दिसेल, काहींना धनीच नव्हता, काही ज्यांनी घेतले त्यांना तो अधिकारच नव्हता, आणि काहींच्या तळाशी वर सांगितल्यासारखा वाद असेल. हे चार प्रकार एकमेकांत मिसळू देऊ नयेत, कारण प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे.

हे काम कोणी करावे, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. अध्यक्षांनी किंवा सचिवांनी करू नये, आणि सगळेच्या सगळे बाहेरच्या संस्थेकडेही सोपवू नये. बाहेरची संस्था व्यवस्थित अहवाल देते, पण तो वाचून समितीतील कोणाचीच सवय बदलत नाही. चार-पाच जणांचा एक गट करावा : एक शासकीय अधिकारी, एक मच्छीमार, एक शेतकरी आणि बचत गटातील एक-दोन महिला. नोंदवही या गटाने स्वतःच्या हाताने लिहावी. बाहेरची एक विश्वासाची व्यक्ती फक्त मुलाखतींसाठी घ्यावी. जवळच्या महाविद्यालयातील प्राध्यापक किंवा दुसऱ्या खाडीवर काम केलेला कार्यकर्ता चालेल. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, मोकळेपणाने बोलणार नाही, आणि सरपंचांसमोर ग्रामपंचायत सदस्यही जपूनच बोलेल, ही वस्तुस्थिती मान्य करावी.

मुलाखतींत पुष्कळ प्रश्न नसावेत. मी प्रत्येकाला एक प्रश्न हमखास विचारतो : गेल्या वर्षभरात या समितीमुळे असे काय झाले, जे तुम्हाला एकट्याने करता आले नसते? उत्तर यायला वेळ लागला तर तो वेळ जाऊ द्यावा. दुसरा प्रश्न यायचे थांबलेल्यांसाठी आहे, आणि तो त्यांच्या घरी जाऊन विचारावा : केव्हापासून येत नाही, आणि त्या बैठकीत काय झाले होते? लोक सहसा कामाच्या गर्दीमुळे येणे सोडत नाहीत. त्यांनी मांडलेला विषय इतिवृत्तात आला नाही, किंवा त्यांच्याऐवजी दुसऱ्याच कोणी त्यांचे म्हणणे सांगितले, असे काहीतरी घडलेले असते.

समितीत कोण नाही, हे तपासणे त्याहून अवघड आहे. आपल्या समितीत दोन मच्छीमार संस्था आहेत, म्हणजे मच्छीमारांचे प्रतिनिधित्व झाले असे कागदावर दिसते. पण संस्थेच्या कारभारात सहसा नौकामालकांचा वरचष्मा असतो; खलाशांचा आवाज तेथे क्वचितच पोहोचतो. आणि ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून मुळे, तिसऱ्या, कालवे असे शिंपले काढणाऱ्या ज्या स्त्रिया आहेत, त्या अनेकदा ना संस्थेच्या सभासद असतात, ना शेतकरी म्हणून कोणत्या यादीत असतात. खाडीच्या तळात काय बदलते आहे हे सर्वांत आधी त्यांनाच कळते, कारण त्यांचा हात रोज त्या चिखलात असतो. मालवण सागरी अभयारण्याची अधिसूचना १९८७ मध्ये निघाली, आणि ज्यांचे पोट त्या पाण्यावर होते त्यांचा विश्वास आधी मिळवला न गेल्यामुळे पुढची कित्येक वर्षे तेथील मच्छीमारांचा विरोध धुमसत राहिला. प्रतिनिधित्वाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत एवढी मोठी असू शकते, म्हणून हा भाग घाईने उरकू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता बैठकीकडे येतो. अनेक समित्यांची बैठक महिन्याच्या एखाद्या ठरावीक वारी, दुपारी, तालुक्याच्या ठिकाणी असते. कार्यालयांना ते सोयीचे असते. खाडी मात्र वाराने चालत नाही, तिथीने चालते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी, असते. उधाणाची ओहोटी खोलवर जाते, तेव्हा कालवे काढणाऱ्या स्त्रियांचा दिवस सर्वांत मोलाचा असतो, आणि त्या दिवशी बैठक ठेवली तर त्यांनी मजुरी बुडवून यावे असेच आपण सांगत असतो. बैठका भांगाच्या दिवसांत ठेवाव्यात, तारखा पंचांग पाहून वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवाव्यात, आणि आळीपाळीने खाडीच्या दोन्ही काठांवर बैठका घ्याव्यात. वर्षातून एकदा होणारी दीर्घ बैठक जूनच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावी, असे मी सुचवीन. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, आणि जुलैतील लावणी अजून सुरू झालेली नसते. मे महिना चाकरमान्यांचा आणि आंब्याचा; गणपती आणि शिमगा यांच्या आसपास काही ठरवूच नये.

अधिकाऱ्यांच्या उपस्थितीविषयी दोन गोष्टी आढाव्यात आवर्जून पाहाव्यात. पहिली, बैठकीला येणाऱ्या व्यक्तीला निर्णय देण्याचा अधिकार होता काय. प्रतिनिधी म्हणून आलेला कर्मचारी प्रामाणिकपणे टिपण घेतो आणि ‘साहेबांना सांगतो’ म्हणतो. त्याचा दोष नसतो, पण तो निर्णय त्या बैठकीत झालेला नसतो, आणि इतिवृत्तात मात्र झाला असे लिहिले जाते. कार्यालयप्रमुखांकडून एक पत्र घ्यावे, की आमचा प्रतिनिधी अमुक मर्यादेपर्यंतच्या बाबींवर बैठकीतच शब्द देऊ शकेल. दुसरी गोष्ट बदल्यांची. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदली अधिनियमानुसार एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा आहे, म्हणजे आपल्या चार वर्षांच्या समितीत जवळपास प्रत्येक शासकीय खुर्चीवरची व्यक्ती एकदा तरी बदलली असणार. जाणाऱ्या अधिकाऱ्याने दोन पानांचे टिपण लिहून द्यावे आणि नव्या अधिकाऱ्यांना पहिल्या महिन्यातच होडीत बसवून खाडी दाखवावी. होडीतले ते दोन तास पुढच्या दोन वर्षांच्या पत्रव्यवहाराचे श्रम वाचवतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

समितीकडे स्वतःचा पैसा नाही, ही तक्रार आपल्याही मनात असेल. माझ्या मते तो दोष नाही. पण मग समितीचे निर्णय ज्या तिजोऱ्यांत पैसा आहे त्यांच्या वेळापत्रकाशी जुळले पाहिजेत. ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते. पाचही ग्रामपंचायतींच्या आराखड्यांत खाडीची कामे एकाच सुरात यावीत असे वाटत असेल, तर समितीची यादी सप्टेंबरात तयार हवी. जानेवारीत घेतलेला निर्णय कितीही योग्य असला, तरी तो सामान्यतः वर्षभर वाट पाहतो. कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजनेचेही तसेच आहे. खेकडा, जिताडा किंवा कालवे पालनाच्या सामूहिक प्रकल्पाला शासन ९० टक्के खर्च देते आणि १० टक्के गटाला उचलावे लागतात. ही रक्कम कोणाच्या खिशातून आणि केव्हा येणार, हे न ठरवता समितीने गटांची नावे पुढे पाठवली, तर पुढची निराशा समितीच्या पदरी येते.

या ठिकाणी मला रापणीची, म्हणजे अनेकांनी मिळून किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्याची, आठवण होते. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते तेव्हा दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला आपला वाटा ठाऊक असतो. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसाचा वाटा हे सर्व जाळे पाण्यात पडण्याआधी ठरलेले असते. मासळी कमी आली तरी भांडण होत नाही, कारण कोणाला किती हा प्रश्न वाळूवर उभे राहून सोडवायचा नसतो. समितीत मात्र कोण काय आणणार आणि कोण काय नेणार, हे आपण बोलतच नाही. प्रत्येक सदस्य संस्थेने एका कागदावर लिहून द्यावे : आम्ही या समितीला काय देऊ, आणि आम्हाला तिच्याकडून काय हवे आहे. मच्छीमार संस्थेने ‘गाळ काढून जेटीपर्यंत वाट हवी’ असे लिहिले आणि वनविभागाने ‘कांदळवनाची तोड थांबवण्यास गावाची साथ हवी’ असे लिहिले, तर बोलणी कोठून सुरू करायची हे दोघांनाही कळते.

चांगली उदाहरणे आपल्याच किनाऱ्यावर आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला सागरी कासवांच्या घरट्यांचे संरक्षण चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास सुरू केले. पुढे ग्रामस्थ आणि वनविभाग त्यात आले, आणि कासव महोत्सवाच्या निमित्ताने घरोघरी पाहुण्यांची सोय होऊ लागली. तेथे घरटी कोण राखणार आणि पाहुणे कोण सांभाळणार हे लोकांना माहीत आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला २०१७ पासून पर्यटकांना होडीने कांदळवन दाखवतात. त्या कामामागे शासकीय पाठबळ आहे, पण वल्हे त्यांच्या हातात आहे. दोन्ही ठिकाणी भागीदारी एका ठळक कामाभोवती उभी राहिली आहे. आपल्या समितीच्या उद्देशपत्रात मात्र मासेमारीपासून पर्यटनापर्यंत सगळेच असेल, असा माझा अंदाज आहे.

रचना बदलण्याविषयी घाई करू नये. नवी उपसमिती स्थापण्याआधी गावात कोणत्या समित्या आधीच आहेत ते पाहावे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, कांदळवन असलेल्या काही गावांत कांदळवन सहव्यवस्थापन समिती असते, आणि पुष्कळदा या सगळ्यांत तीच सहा-सात माणसे असतात. अशा वेळी एक समिती वाढवण्यापेक्षा दोन बैठका एकाच दिवशी घेणे शहाणपणाचे ठरते. ज्या उपसमितीने वर्षभरात एकही निर्णय घेतला नाही ती आभार मानून विसर्जित करावी. त्यात कोणाचा अपमान नाही.

एक नाजूक गोष्ट राहिली, ती टाळू नये. वाळू उपसा, जेटीजवळची जागा, पर्यटनाचे ठेके यांत समितीतल्याच कोणाचा आर्थिक संबंध असू शकतो. लहान गावात असा संबंध असणे स्वाभाविक आहे. तो लपणे घातक आहे. विषय निघताच संबंधिताने तसे सांगावे, चर्चेतून बाहेर बसावे, आणि इतिवृत्तात ती नोंद व्हावी, एवढा नियम पुरेसा आहे. हा नियम पहिल्यांदा अध्यक्षांनी स्वतःला लावला, तर बाकीच्यांना तो जड जात नाही.

आढाव्यातून पुष्कळ सूचना निघतील. त्यांतल्या तीनच निवडाव्यात, त्यांना सहा महिने द्यावेत, आणि पुढच्या बैठकीचा पहिला विषय म्हणून आधीच्या निर्णयांची नोंदवही वाचावी. आढाव्याचा गोषवारा एका पानात लिहून पाचही ग्रामसभांत मोठ्याने वाचावा आणि जेटीवरच्या फलकावर लावावा. जे साधले नाही तेही त्यात असावे. पाहण्याजोगी मोजमापेही लोकांच्या डोळ्यांना दिसणारी असावीत : किती खाचरांत या वर्षी खारे पाणी शिरले, ठरलेल्या किती निर्णयांना मुदतीत धनी मिळाला, मुळे काढणाऱ्या किती स्त्रिया बैठकीला आल्या आणि त्यांतल्या किती बोलल्या.

कामाला लागण्यासाठी ठरावाची वाट पाहू नका. पहिल्या दोन वर्षांची इतिवृत्ते एकत्र सापडत नसतील, तर पाचही ग्रामपंचायतींच्या आवक नोंदवह्या पाहाव्यात. प्रत बहुधा कोणत्या तरी एका ग्रामपंचायतीत दप्तरी लागलेली असते. ती मिळाली की पहिला निर्णय वहीत उतरवावा, आणि त्याच्यासमोर कोणाचे नाव होते ते शोधावे.